नऊ बाटल्या, तीन केस

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. माझ्या मेहुण्याचासुद्धा बसला नव्हता. आणि तो असा माणूस आहे की छत्री विकणाऱ्याने पाऊस येईल म्हटलं, तर भर उन्हाळ्यात दोन छत्र्या घेऊन घरी येतो.

सुरुवात केली ती समोरच्या दारातल्या नव्या सुनेने. दुपारची वेळ. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो होतो, माझ्या पाठीमागे दारात आमची ही विणकाम करत होती, आणि तीन मजले चढून दमलेला नवा पोस्टमन आमच्याच माठातलं पाणी पीत पायरीवर टेकला होता. सून हातात शाम्पूची एक बाटली घेऊन आली. केस फार गळतात, दुकानदाराने ही दिली, सौम्य आहे म्हणाला. काका, तुम्हाला काय वाटतं, असं तिने विचारलं. मी तिला म्हटलं, बस. सौम्य या शब्दाने माझ्या आयुष्याचे अकरा दिवस खाल्ले आहेत. ते कसे, ते ऐक आणि मग ती बाटली उघड.

पोस्टमनने घड्याळाकडे बघितलं आणि पिशवी खांद्यावरून उतरवून ठेवली. बायको मागे टाके मोजत होती. बत्तीस, तेहतीस, चौतीस.

तर एकतीस वर्षं मी लोकरीच्या गिरणीत होतो, धुण्याच्या खात्यात. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर ज्याने पाहिली नाही त्याला वाटतं, ती पांढरी असते. पांढरी नसते. चिखल, काटे, चरबी आणि मेंढीचा स्वभाव, हे सगळं तिच्यात गच्च भरलेलं असतं. ते काढायचं आणि लोकर ठेवायची. जास्त धुतली तर वाळल्या गवतासारखी होते, कमी धुतली तर बोटं चिकटतात, आणि गरम पाण्यात चोळली तर तिचा नमदा होतो, म्हणजे अशी घट्ट गादी की त्यातला एक धागा वेगळा करायला देव आला तरी हात टेकून परत जाईल. आमचे मुकादम म्हणायचे, लोकर इतकीच धुवा की तिला मेंढीची आठवण राहील. मी धुतलेली लोकर इतकी हलकी असायची की एकदा मुकादम शिंकले आणि अख्खा गठ्ठा तीन गल्ल्या पलीकडे एका शिंप्याच्या छपरावर जाऊन पडला. शिंपी परत द्यायला तयार होईना. म्हणाला, हा ढग आहे, माझ्या छपरावर उतरला, माझा झाला.

अशा माणसाला एक बाटली निवडता येऊ नये, याला काय म्हणावं?

झालं असं की आमची ही आजारी पडली. दुखणं लांबलं, औषधं कडक होती आणि डोक्यावरचे केस गेले. ती शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा अंबाडा एवढा मोठा की त्यात दोन पेन्सिली, एक ब्रश आणि कधीकधी खोडरबर ठेवलेलं असायचं. वर्गात मुलांचं काही हरवलं तर मुलं आधी बाईंच्या अंबाड्याकडे बघायची. त्या अंबाड्याच्या जागी आता रुमाल आला. घरातही रुमाल. आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला होता आणि मी दाढी अंदाजाने करत होतो.

मग चार महिन्यांनी नवे केस आले. केस कसले, कोंबडीच्या पिलाच्या अंगावर असते तशी लव. बोटाच्या एका पेराएवढी. पण आले. आणि आता त्यांच्याखाली खाज सुटली, कोंडा धरला. धुणं भाग होतं, आणि धुवायला ती तयार नव्हती, कारण आधीचे केस गेले होते ते न्हातानाच, ओंजळीत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही होत नाही, फक्त काहीतरी सौम्य वापरा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच आठवड्यात पत्र आलं की तिच्या शाळेला पन्नास वर्षं झाली, जुन्या शिक्षकांचा एकत्र फोटो काढायचा आहे, पुढच्या रविवारी. पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, “धुतल्यावर हे राहिले, तर मी रुमाल काढून जाईन. गेले, तर फोटो नाही. आणि मग आयुष्यात हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.”

हे ती ज्या आवाजात बोलली तो आवाज ती वर्गात कधीच वापरत नसे. म्हणून मी पिशवी घेतली आणि दुकानात गेलो.

दुकानात एक अख्खी भिंत बाटल्यांची होती. मी पहिली उचलली. सौम्य. दुसरी उचलली. अतिसौम्य. तिसरीवर लिहिलं होतं, सौम्यतेहून सौम्य. कोरड्या केसांसाठी सौम्य, तेलकट केसांसाठी सौम्य, मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरड्या केसांसाठीही सौम्य. मी दुकानदाराला विचारलं, कडक कुठली आहे ती दाखवा. म्हणजे निदान ती टाळता येईल. दुकानदाराला ते लागलं. कडक माल आम्ही ठेवत नाही म्हणाला. मी म्हटलं, मग या सगळ्या सौम्य आहेत त्या कशाच्या मानाने? त्याने मला विचारलं, केसांचा प्रकार कोणता? मी म्हटलं, माणसाचे. मागे रांगेत उभी असलेली एक बाई म्हणाली, लहान बाळांची घ्या. तिच्या मागची म्हणाली, अजिबात नको, बाळांच्या बाटलीने मोठ्यांच्या डोक्याचं काही होत नाही. दोघींचं तिथे जे जुंपलं, त्यात मला दोन्ही बाजू पटत गेल्या. शेवटी मी नऊ बाटल्या घेऊन बाहेर पडलो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

घरी आलो तर मेहुणा बहिणीला भेटायला आलेला. हा हिचा धाकटा भाऊ. याला सगळं माहीत असतं, म्हणून घरात त्याला सर्वज्ञ म्हणतात, आणि त्याला वाटतं ते कौतुकाने म्हणतात. त्याने भिंग मागवलं आणि बाटल्यांच्या पाठी वाचायला घेतल्या. नियम सोपा आहे भाऊजी, म्हणाला, ज्या पदार्थाचं नाव आपल्याला उच्चारता येत नाही तो डोक्याला लावायचा नाही. मग त्याने तासभर उच्चारून पाहिलं. नऊ बाटल्यांत मिळून त्याला एकच शब्द धड म्हणता आला, तो म्हणजे सुगंध. जाताना दुसरा नियम सांगून गेला की फेस जितका कमी, तितकी बाटली सौम्य.

हे ऐकून मला जरा उजेड दिसला. तो विझवायला मी खाली न्हाव्याकडे गेलो. आमच्या इमारतीखाली तेव्हा एक न्हावी होता. आता मुलाकडे राहायला गेला, नाहीतर साक्षीला बोलावला असता. त्याने फेसाचा नियम ऐकून वस्तरा बाजूला ठेवला. काका, म्हणाला, चाळीस वर्षं मी लोकांची डोकी धुतोय. फेस म्हणजे उशी. उशी नसेल तर बोट सरळ केसावर घासतं आणि केस उपटून येतो. जास्त फेस, तीच सौम्य.

आता बोला. दोघंही शहाणे, दोघंही खात्रीने बोलणारे, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांच्या बरोबर उलटं. मी विचार केला, आधी फेस तर मोजू. न्हाणीघरात नऊ बादल्या मांडल्या, प्रत्येकीत एकेका बाटलीतलं थोडं थोडं घातलं आणि नळ सोडला. तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून हिने हाक मारली. मी गेलो, गॅस बंद केला, परत आलो, तर न्हाणीघराचं दार दिसेना. फेस गॅलरीत आला, गॅलरीतून जिन्यात गेला, आणि मी त्याच्यामागे धावतोय तर तो माझ्याआधी खाली पोचून न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसलेला. न्हाव्याने सवयीने त्याला टॉवेल गुंडाळला. दुसऱ्या मजल्यावरचा काळा कुत्रा त्यातून पलीकडे गेला तो इतका पांढरा होऊन बाहेर आला की मालकाने त्याला घरात घेतलं नाही, आणि पुढचे दोन दिवस त्यालाच सोबत घेऊन गल्लोगल्ली आपला काळा कुत्रा शोधत हिंडला.

पोस्टमन इथे हसला. सून हसली नाही. ती आपल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होती. मागे टाके एकोणपन्नासवर पोचले होते.

फेसातून एवढंच कळलं की नऊच्या नऊ बाटल्यांना फेस येतो. मग मला गिरणीतल्या कागदी पट्ट्या आठवल्या. हौदातलं पाणी लोकरीला सोसेल का, हे आम्ही त्या पट्टीच्या रंगावरून ओळखायचो. निवृत्त होताना एक पुडकं मी आठवण म्हणून आणलं होतं. नऊ पट्ट्या नऊ बाटल्यांत बुडवल्या. सगळ्या एकाच रंगाच्या, फिकट पिवळसर. मला आनंद झाला की चला, सगळ्या सारख्याच. मग दहावी पट्टी पुडक्यातून काढली, कोरडीच, तर तीही फिकट पिवळसर. पट्ट्या माझ्याआधीच निवृत्त झाल्या होत्या.

राहिला एकच उपाय, आणि तो मला आधीच सुचायला हवा होता. गिरणीत नवा साबण आला की आम्ही कोणाचं ऐकत नसू. कच्च्या लोकरीचा पुंजका घ्यायचा, धुवायचा, वाळवायचा आणि डोळे मिटून गालावर फिरवायचा. गाल खोटं बोलत नाही. मी जुन्या दोस्ताकडून कच्ची लोकर आणली, नऊ पुंजके केले आणि प्रत्येकाला दोरा बांधून त्याला गाठी मारल्या. पहिल्या बाटलीच्या पुंजक्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा नऊपर्यंत. शाई धुण्यात जाते, गाठ जात नाही. आमच्या खात्यात सगळा हिशेब गाठींवर चालायचा. नऊ पुंजके नऊ बाटल्यांनी हलक्या हाताने धुतले, गॅलरीत दोरीवर लावले आणि शांत झोपलो.

सकाळी पहिला गालावर फिरवला. मऊ. दुसरा फिरवला. तितकाच मऊ. तिसरा, पाचवा, नववा. केसाइतकाही फरक नाही. मी पुन्हा पहिल्यापासून फिरवले. उलटे फिरवले. दुसऱ्या गालावर फिरवले. एकतीस वर्षांत माझा गाल असा कधी फसला नव्हता. मला वाटलं, म्हातारपण गालापासून सुरू होतं की काय? दुपारपर्यंत मी तसाच बसलो होतो, मांडीवर नऊ पुंजके घेऊन. मग ही आली आणि म्हणाली, वाळले का ते? पहाटे दिसले, अगदी कुबट वास येत होता, म्हणून भांड्यांच्या साबणाने एकदमच खळबळून टाकले सगळे.

तिच्या डोक्यावर रुमाल होता, आणि रुमालाच्या कडेतून बोट घालून ती खाजवत होती, हळूच, एकेक केस चुकवत.

तो शुक्रवार होता. कच्ची लोकर संपली होती. फोटो रविवारी. आता धुऊन बघायला घरात एकच डोकं उरलं होतं, ते माझं.

आणि इथे तुम्ही विश्वास ठेवणार नाही. त्या वेळी माझ्या डोक्यावर केस होते. हसू नका. असे दाट की कंगवा आत गेला की पलीकडून बाहेर येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पावसात डोकं भिजत नसे. पाणी वरच्या वर अडून राहायचं आणि मी घरी येऊन कुंड्यांत झटकायचो. गिरणीत दुपारी डुलकी लागली की नवी माणसं मला गठ्ठा समजून वजनकाट्यावर ठेवायची.

मागे टाके चुकले. बायकोने एक ओळ उसवली आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

शनिवारी सकाळी मी पहिल्या बाटलीने डोकं धुतलं, पुसलं, आरशावरचा टॉवेल जरा वर करून बघितलं. एकही केस गेला नव्हता. दुसरीने धुतलं. सगळं ठीक. तिसरी, चौथी. दुपारी जेवून पाचवी. संध्याकाळी आठवी झाली तेव्हा डोकं जरा हलकं वाटलं, पण मला वाटलं, आनंदाने वाटत असेल. नववी लावली, पाणी ओतलं, केसांतून हात फिरवला, आणि सगळे केस टोपी काढावी तसे अलगद माझ्या हातात आले. अख्खे. कानाच्या जागी खाचासुद्धा होत्या.

पोस्टमनने विचारलं, “म्हणजे नववी वाईट?”

हेच तर, मी म्हटलं. नववीने केलं, की आठांनी सैल केलं आणि नववीच्या नावावर गेलं? की एकेक बाटली सौम्यच होती आणि नऊ सौम्य मिळून एक कडक होते? की बाटल्यांचा काही दोष नाही, एका दिवसात नऊ वेळा न्हाणारा माणूसच दोषी? मी ती केसांची टोपी खुंटीवर अडकवली, स्टुलावर बसलो आणि नऊ बाटल्यांकडे बघत राहिलो. अकरा दिवसांपूर्वी मला काहीच माहीत नव्हतं. आता मला इतकं माहीत होतं की काहीच कळत नव्हतं. आणि उद्या सकाळी दहाला फोटो.

रविवारी पहाटे हीच न्हाणीघरात आली. बाटल्या बघितल्या. मला वाटलं विचारेल, कुठली? आणि मी काय सांगणार होतो? पण तिने विचारलंच नाही. एकेक बाटली हातात घेतली, झाकण फिरवून पाहिलं आणि खाली ठेवली. आजारपणानंतर तिच्या बोटांत जोर नव्हता. सातवीचं झाकण अंगठ्याने वर केलं की उघडत होतं. ती पुढे करून म्हणाली, “ही. ही माझी मला उघडता येते.”

झाली निवड. मेहुणा नाही, न्हावी नाही, पट्टी नाही, गाल नाही.

मग मात्र मी तिला म्हटलं, धुण्याचं माझ्यावर सोड. तेवढं मला येतं. तिला स्टुलावर बसवलं, समोर घमेलं. पाणी इतकंच कोमट की मनगटाला ना गार लागावं, ना गरम. बाटलीतलं सरळ डोक्यावर ओतलं नाही. लोकरीवर साबण कधी सरळ ओतत नाहीत. एक चमचा तांब्याभर पाण्यात मिसळला आणि ते पाणी सोडलं. चोळलं नाही. तळवा ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. दाबायचा, उचलायचा. नमदा होऊ द्यायचा नाही. गिरणीत नव्या कोकरांची पहिली लोकर आली की मुकादम ती दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत, आणि ती धुताना मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. तसाच त्या दिवशी घेत होतो. तिने डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या होत्या. बोटं पांढरी पडली होती.

गिरणीत हौदाच्या तोंडाला जाळी असते, गेलेली लोकर किती ते कळायला. मी घमेल्यावर मलमलचं फडकं ताणून बांधलं होतं. शेवटचं पाणी ओतलं, ते गळून गेलं, आणि फडक्यावर केस दिसले. तीन. छोटे, वळलेले, एका पेराएवढे.

तिने डोळे उघडले आणि विचारलं, “किती गेले?”

तिच्या डोक्यावरचे बाकीचे सगळे जागच्या जागी होते. पण हे तिला कोणी सांगावं? तिला फडकंच दिसत होतं. आणि तीन हा आकडा त्या वेळी लहान नव्हता. मी एका क्षणात बोलून गेलो, एकही नाही, हे तीन माझे आहेत. काल सगळे गेले तेव्हा तीन मागे राहिले होते बघ, वाकलो तसे पडले.

तिने फडक्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, असेल. उठली, आरशावरचा टॉवेल काढून त्याने डोकं टिपलं, आणि साडेनऊला माझ्याबरोबर बाहेर पडली. रुमाल घरी. तो फोटो आत भिंतीवर आहे, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, भिजलेल्या पिलासारखी दिसते, आणि तिच्या कानामागे पेन्सिल आहे.

तेव्हा सूनबाई, मी म्हटलं, तुझी बाटली सौम्य आहे की नाही ते मला विचारू नकोस, मला आजही माहीत नाही. पण या डोक्याकडे बघ. बायकोचे केस राखायला ज्याने स्वतःचे दिले, असा माणूस तू दुसरा पाहिला नसशील.

सुनेचे डोळे भरून आले होते. पोस्टमनने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मागे टाक्यांची मोजणी थांबली होती, आणि सुयांचा आवाजही.

“अहो,” ही म्हणाली, “आपलं लग्न झालं तेव्हासुद्धा तुमच्या डोक्यावर एक केस नव्हता. ते तिन्ही माझे होते, हे मला तिथेच कळलं होतं.”